पोटाचा पत्ता

आमच्या मॅडमना 'नवी मुंबई' हा शब्द एकटा वापरलेला खपत नसे. पेपरात 'नवी मुंबईकरांचे आरोग्य सुधारले' असं काही छापून आलं की त्या पेपर टेबलावर ठेवायच्या, चष्म्यावरून आमच्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, "कुणाचं गं?" यावर आम्ही कुणी तोंड उघडत नसू. उघडलं तर दुपार गेली म्हणून समजा.

बेलापूरला एका बँकेच्या वरच्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस होतं. कुठल्या भागात कोणता आजार जास्त, कुठे बायकांच्या अंगात रक्त कमी, कुठली मुलं खुरटलेली, हे मोजून द्यायचं आमचं काम. मॅडम ऑफिसच्या प्रमुख. सुती साडी आणि खाली पळायचे बूट, हा त्यांचा बारमाही वेष. पर्समध्ये शिंप्याचा खडू. साठीच्या आसपासचं वय, लग्न केलेलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी हळहळलेलं त्यांना चालत नसे.

मी मुलाखतीला गेले तेव्हा प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी सर्टिफिकेटं लावून नेली होती. मॅडमनी फोल्डर उघडलंच नाही.

"राहता कुठे?"

"कोपरखैरण्याला."

"ते स्टेशनचं नाव झालं. तुम्ही स्टेशनात राहता?"

मी सेक्टर सांगितला. "सेक्टर कागदावर असतो हो. घराची खिडकी उघडली की काय दिसतं ते सांगा."

माझे वडील मार्केटमध्ये माथाडी. साताऱ्याकडून आलेलं आमचं घर, बैठी खोली वाढवून वाढवून तीन मजली केलेली. खिडकीतून काय दिसतं हे मुलाखतीत सांगण्यासारखं नव्हतं. पण मलाही तोवर राग आला होता. "नाला दिसतो," मी म्हटलं. "आणि पावसाळा सोडून बाकी वर्षभर वास येतो."

"उद्यापासून या," मॅडम म्हणाल्या.

खडूचं काम मला दुसऱ्या दिवशी कळलं. मॅडम ऑफिसच्या लादीवर नकाशे काढत. इकडे खाडी, इकडे रेल्वे, हा डोंगर, ही खाणीची बाजू, आणि आम्हाला त्यात उभं करत. "तू रबाळ्याच्या कारखान्यामागे उभी आहेस. सकाळी आजारी पडलीस. कुठे जाशील?" मी सरळ सरकारी दवाखान्याच्या दिशेने पाऊल टाकलं की त्या ओरडायच्या, "मध्ये हायवे आहे! मेलीस!" झाडूवाल्या मावशी रोज संध्याकाळी ते सगळं पुसायच्या आणि रोज बडबडायच्या, "हिला पाटी-पेन्शील घेऊन द्या रे कुणीतरी."

जेवणाच्या वेळीही सुटका नव्हती. एकदा माझी चतुर्थी होती आणि समोरच्या टेबलावर आमचे अकाउंटंट भाऊ घरून आणलेल्या आठ पोळ्या मन लावून संपवत होते. मॅडमनी दोघांकडे बघून जाहीर केलं, "या खोलीत माणशी चार पोळ्या खाल्ल्या गेल्या. कुणीही उपाशी नाही." मग खडू काढून आमच्या दोघांच्या टेबलांच्या मधोमध रेघ मारली. "आता सांगा." भाऊंच्या हातातली पोळी तशीच राहिली. पुढे कितीतरी दिवस ते माझ्या उपासाला राजगिऱ्याचे लाडू आणत.

मॅडम राहायच्या उलव्याला, एका भल्यामोठ्या सोसायटीत. त्या सोसायटीने त्यांना लिफ्टमध्ये नमस्कार करणं का सोडलं, ती गोष्ट त्यांनी स्वतःच मला मोठ्या आनंदाने सांगितली होती.

एका वर्षी तिथे डेंग्यूची साथ आली. चेअरमनसाहेबांनी सभा बोलावली आणि विंगवार तक्ता लावला. सी विंगमध्ये सगळ्यांत जास्त पेशंट. सी विंगमध्ये भाड्याने राहणारी एकटी पोरं बरीच. साहेब म्हणाले, "बॅचलर लोकांना उगाच घेतलं आपण. साफसफाई नाही, काही नाही. उद्यापासून नो बॅचलर." टाळ्या पडायच्या बेतात होत्या, तेवढ्यात मॅडम उठल्या.

"डास विंग विचारून चावतो का हो?"

त्यांनी आदल्या आठवड्यात घरोघरी जाऊन विचारलं होतं: मजला कुठला, खिडक्या कुठल्या बाजूला, घरात ताप आला का. विंग पुसून टाकली आणि मजला नि बाजू धरली, तर ताप सगळ्याच विंगच्या खालच्या मजल्यांवर निघाला, पण फक्त कारंज्याकडे खिडक्या असलेल्या घरांत. सी विंगचा दोष इतकाच की तिची लांब बाजू कारंज्याकडे होती. कारंजं बरेच दिवस बंद होतं, पाणी मात्र तसंच. शिवाय ते चेअरमनसाहेबांनी हौसेने बसवून घेतलेलं.

"मॅडम, ते कारंजं सोसायटीची शान आहे. फ्लॅटचा रेट त्याच्यावर आहे," साहेब म्हणाले.

"शान राहू द्या. पाणी काढा."

पाणी काढलं. आता त्यात मुलं क्रिकेट खेळतात. ही गोष्ट मी घरी रंगवून सांगितली तेव्हा मी चेअरमनला खोटारडा म्हटलं होतं. मॅडमना तसं म्हटलेलं आवडलं नाही. त्यांच्या मते साहेबांचा एकही आकडा खोटा नव्हता. माणसं तीच, ताप तोच, फक्त त्यांना कुठल्या खोक्यात टाकून मोजायचं ते साहेबांनी ठरवलं होतं, आणि खोकं बदललं की अपराधी बदलतो.

"पण तुम्हीही तुमचं खोकं निवडलंतच की," मी एकदा मुद्दाम डिवचलं.

"निवडलं. पण मजला आणि बाजू आधी ठरवली, मग दारं वाजवली. ठिकरी खेळली आहेस ना लहानपणी? आधी घरं आखायची, मग ठिकरी टाकायची. ठिकरी पडली तिथे घर आखणाऱ्या पोरीला आम्ही खेळायला घेत नव्हतो."

हा त्यांचा ऑफिसातला कायदा होता. कुठलंही काम आलं की आकडे असलेला लॅपटॉप त्या लोखंडी कपाटात बंद करायच्या. आम्ही दिवसच्या दिवस नुसत्या रेघांवर भांडायचो. वॉर्ड धरायचा की सेक्टर? गावठाण वेगळं काढायचं का? रस्त्यापलीकडची झोपडपट्टी इकडे की तिकडे? रेघा ठरल्या की नकाशावर सगळ्यांनी सही करायची, झाडूवाल्या मावशींनीसुद्धा, आणि मग कपाट उघडायचं. त्यानंतर रेघेला हात लावायचा नाही. मला हे थोतांड वाटायचं. माणूस चांगल्या मनाचा असला तर त्याला सहीची काय गरज, असं मी म्हणायचे. मॅडम म्हणायच्या, चांगल्या मनाच्या माणसालाच जास्त गरज असते.

त्यांच्या या कायद्याची कसोटी लागली ती गाडीच्या प्रकरणात.

जासईच्या पुढे कंटेनर यार्डांच्या कडेला भाड्याच्या चाळी आहेत. पत्र्याच्या खोल्या, समोर ट्रेलरची रांग, भांडी घासून पालथी घातली तरी तासाभरात त्यांच्यावर धूळ. तिथे सातारा, सांगलीकडची माणसं जास्त. नवरे यार्डात हमाली करतात नाहीतर ट्रेलरवर असतात. एका ट्रस्टची दवाखान्याची गाडी दर गुरुवारी त्या चाळीपाशी यायची. नर्सबाई गरोदर बायकांचं वजन करायची, बीपी बघायची, रक्तवाढीच्या गोळ्या द्यायची. गाडी एकच. ट्रस्टच्या लोकांना प्रश्न पडला होता, गाडी बरोबर जागी जाते आहे का? जिथे सगळ्यांत कमी वजनाची बाळं जन्मतात तिथे ती जावी, हे साधं म्हणणं. ती जागा आम्ही शोधून द्यायची होती.

मॅडमनी वॉर्ड धरायला साफ नकार दिला. वॉर्डात उंच इमारती, जुनं गाव आणि चाळी असे तिन्ही एकत्र घुसळले जात होते. पोळ्यांसारखी सरासरी काढली की सगळे जेवलेले. आम्ही तीन वेगळे भाग आखले: नवे टॉवर, जुनं गाव, यार्डाच्या चाळी. सह्या झाल्या. आसपासच्या प्रसूतिगृहांतल्या नोंदी आणि आईचे पत्ते आमच्याकडे होते. कपाट उघडलं, आकडे भरले.

चाळी सगळ्यांत चांगल्या निघाल्या. तिथे कमी वजनाची बाळं जवळजवळ नव्हतीच. सगळ्यांत वाईट निघालं जुनं गाव.

ट्रस्टचे अध्यक्ष खूश झाले. वाहतुकीच्या धंद्यातून निवृत्त झालेला सरळ माणूस तो. "चला, चाळींचं काम झालं म्हणायचं," ते फोनवर म्हणाले. "पुढच्या मीटिंगला ठराव करू. गाडी गावात नेऊ." गाव आणि चाळी यांच्यामध्ये ट्रेलरचा रस्ता होता. पोटुशी बाई तो ओलांडून गावात येईल हे कुणालाच खरं वाटलं नसतं.

मॅडम दोन दिवस तो नकाशा पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "चल, चाळीत जाऊन येऊ."

चाळीच्या मालकीण म्हणजे गावातल्या एक आगरी आजी, भाडं गोळा करायला आलेल्या. त्यांनी आम्हाला सारिकाच्या खोलीत बसवलं. सारिका विशी ओलांडलेली, सहावा महिना, डोळ्यांखालचा रंग पांढरट. मॅडमनी विचारलं, पहिलंच का?

"न्हाई मॅडम, दुसरं. पयली पोरगी हाय. गावाला आईपाशी असती."

"ती कुठे झाली?"

"पयलं बाळंतपण माहेरालाच असतंय की." सारिकाला हा प्रश्नच अजब वाटला. "सातव्या म्हैन्यात भाऊ आला आन घिऊन गेला. तिकडंच झाली. लय बारीक व्हती, पावणेदोन किलो. काचंच्या पेटीत ठिवली व्हती."

"आणि दवाखान्यात पत्ता कुठला सांगितला?"

"आईनं सांगितला. तिच्याच गावचा."

मॅडम पाण्याच्या पिंपावर टेकल्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्याही डोक्यात एकदम उजेड पडला. सात महिने ही बाई इथे धूळ खात, अर्धपोटी राहिली, आणि तिची बारीक पोर मोजली गेली सातारा जिल्ह्यात. आमच्या नोंदींत ती नव्हतीच. चाळीतल्या सगळ्या पहिलटकरणी अशाच जात होत्या. आणि गावातल्या लेकी दूरदूरच्या सासरांहून माहेरी येऊन बाळंत होत होत्या, आया दवाखान्यात आपला पत्ता सांगत होत्या, त्यांची बाळं गावाच्या नावावर चढत होती.

"पोर तिकरं झाली, पन पोट तं इथलंच हाय ना?" आजी दारातून म्हणाल्या. "यो धुरला सगला हिचेच पोटान गेला. मंग मॅडम, तुमी कुठं झाल्या?"

"आजोळी," मॅडम म्हणाल्या. "वाईला."

परत येताना रिक्षात त्यांनी मला विचारलं. मीही आजोळी जन्मलेली, पाटणजवळ. अकाउंटंट भाऊंना फोन लावला, ते सिन्नरला मामाकडे. झाडूवाल्या मावशींना विचारलं तर त्याही तशाच. सगळं ऑफिस आजोळी जन्मलेलं, आणि रेघांवर इतके दिवस भांडताना एकाच्याही मनात आलं नाही की बाळ जिथे जन्मतं तिथे ते वाढलेलं नसतं. "मुलाचा पत्ता लिहिला आपण," मॅडम म्हणाल्या. "पोटाचा पत्ता हवा होता."

दुसरं बाळंतपण सासरी. म्हणजे सारिका आता इथेच राहणार होती, आणि नेमकी गाडी जाणार होती. नर्सबाईने गेल्याच गुरुवारी तिला सांगितलं होतं, रक्त फार कमी आहे, एकही आठवडा चुकवू नकोस.

मी पुढचे दिवस झपाटल्यासारखी चाळीत फिरले. प्रत्येक बाईला विचारलं, पहिलं कुठे झालं, किती वजनाचं. बऱ्याच जणींनी माहेरच्या दवाखान्याचं कार्ड जपून ठेवलं होतं. ती बाळं चाळीच्या नावावर धरली आणि नकाशा उलटा झाला. चाळी सगळ्यांत वाईट. मी तो मॅडमच्या टेबलावर ठेवला तेव्हा मला पेढे वाटावेसे वाटत होते.

मीटिंगला मॅडम दोन्ही नकाशे घेऊन गेल्या. पहिला समोर ठेवून म्हणाल्या, हा चुकला, चूक माझी आहे. का चुकला ते नीट समजावलं. विश्वस्तांपैकी एकदोघे हसले, त्यांचीही आजोळं त्यांना आठवली असावीत. मग मॅडमनी दुसरा ठेवला.

"हा बरोबर असेल असं मला वाटतं," त्या म्हणाल्या. "पण याच्यावरही विश्वास ठेवू नका. ही रेघ आम्ही आकडा बघून मारली आहे. आणि पोटाचा पत्ता आम्ही फक्त चाळीत विचारला. गावात नाही, टॉवरमध्ये नाही. तिथेही विचारला तर काय निघेल मला माहीत नाही. सगळीकडे सारखं विचारून, दुसऱ्या कुणाकडून, पुन्हा मोजून घ्या. तोवर गाडी हलवू नका."

अध्यक्ष गोंधळले. "मॅडम, मी धंदेवाला माणूस. तुमीच म्हणता पहिला नकाशा चूक, तुमीच म्हणता दुसऱ्यावर भरोसा ठेवू नका. मग आमी ठरवायचं कशावर?"

"ठरवू नका, एवढंच सांगते आहे."

पण ठरवल्याशिवाय मीटिंग संपत नसते. त्यांनी मधला मार्ग काढला: एक गुरुवार चाळ, एक गुरुवार गाव. पुन्हा मोजणीचं काम मुंबईच्या दुसऱ्या एका संस्थेला दिलं. मॅडमचे आभार मानले आणि आमच्याकडे पुढचं काम पाठवलं नाही.

खाली टपरीवर मी तणतणले. आयुष्यात वडीलमाणसाशी इतकं वाईट बोलले नसेन. "नुसता दुसरा नकाशा ठेवला असतात तर गाडी राहिली असती. तुमचा खेळ झाला, ठिकरी झाली, त्या सारिकाचं काय?"

मॅडमनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "राहिली असती," त्या म्हणाल्या. "आणि उद्या दुसरा कुणी त्याच्या सोयीची रेघ मारून गाडी घेऊन गेला असता. तेव्हा मी काय तोंडाने नाही म्हणणार होते?" मग ग्लास पुन्हा उचलून, "तिच्या रक्ताचं काय करायचं ते बघते मी."

त्यांचं बरोबर होतं की माझं, हे मला आजही सांगता येत नाही. राग मात्र बरेच दिवस टिकला. तो उतरला तो मला भाऊंकडून कळलं तेव्हा. ज्या गुरुवारी गाडी गावाकडे असायची, त्या प्रत्येक गुरुवारी मॅडम उलव्याहून रिक्षा करून चाळीत जात होत्या आणि सारिकाला घेऊन सरकारी रुग्णालयाच्या रांगेत बसत होत्या. सोबत डब्यात राजगिऱ्याचे लाडू, भाऊंच्या बायकोने केलेले. ज्या बाईने आयुष्यभर माणसं शेकड्याने मोजली, तिने एका बाईसाठी बाकावर बसून काढलेले ते दिवस मला खूप मोठे वाटतात. अशाच एका गुरुवारी डॉक्टरांना सारिकाचं बीपी चढलेलं दिसलं. त्यांनी तिला घरी सोडलंच नाही.

पुन्हा मोजणीला वर्षाहून जास्त लागलं. सगळीकडे सारखं विचारलं गेलं. चाळी सगळ्यांत वाईटच निघाल्या, पण माझ्या नकाशात होत्या तितक्या नाहीत. टॉवरमधल्या मुलींची बाळंही मला वाटलं होतं त्यापेक्षा लहान निघाली. गाडी पुन्हा दर गुरुवारी चाळीत जाऊ लागली. तोवर मॅडम ऑफिस बंद करून बहिणीकडे कोल्हापूरला गेल्या होत्या.

पण मला त्या आठवतात त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात, सारिका बाळंत झाली त्या सकाळी. मुलगी झाली होती. नर्सने काट्यावर ठेवली, अडीच किलोच्या वर. रडण्याचा आवाज व्हरांड्याच्या टोकापर्यंत. सारिकाचा नवरा ट्रेलरवर होता, आई गावाहून निघाली होती, म्हणून दुपट्यात गुंडाळलेली पोर नर्सने माझ्याच हातात दिली. मी मॅडमजवळ गेले. मला रडू येत होतं आणि भांडण जिंकल्यासारखंही वाटत होतं.

"बघा मॅडम, जरा काळजी घेतली तर याच चाळीतलं बाळ कसं होतं ते. याहून वेगळा पुरावा काय हवा?"

मॅडमनी चष्मा वर सरकवला. आता व्याख्यान होणार म्हणून मी तयारीत उभी राहिले.

"एका बाळावरून काही सिद्ध होत नाही गं," त्या म्हणाल्या. "हे बाळ आहे. दे इकडे." आणि दोन्ही हात पुढे केले.